सहा वाजताचे नऊ

माझ्या नेमबाजीच्या वहीत एका पानावर एकच ओळ थोड्याफार फरकाने सात वेळा लिहिलेली आहे. "शॉट चांगला सुटला. ९.७, सहा वाजता." टार्गेट म्हणजे घड्याळाची तबकडी असं धरून आम्ही गोळी कुठे लागली ते सांगतो, तेव्हा सहा वाजता म्हणजे सरळ खाली. शॉट सुटताना काळा गोल पुढच्या साईटच्या रिंगमध्ये मधोमध होता, ट्रिगर सरळ मागे आला होता, खांद्याला नेहमीसारखाच हलका धक्का बसला होता, आणि तरी स्क्रीनवर गोळी खाली. कधी सहा वाजता, कधी बारा वाजता. डावी-उजवीकडे जवळजवळ कधीच नाही.

ते पान ज्या मोसमातलं आहे तो अख्खा मोसम मी स्वतःतच चूक शोधत होते. श्वास कुठे थांबवते ते बदललं. स्लिंग (हाताला बांधायचा पट्टा) एक भोक घट्ट केली, मग पुन्हा सैल केली. बटप्लेट (रायफलीचा खांद्याला टेकणारा भाग) खाली-वर केली. चार महिने गेले. आणि दोष होता काडतुसांच्या लॉटमध्ये, म्हणजे कारखान्यात एकत्र बनलेल्या त्या खेपेत. तो लॉट मीच निवडला होता, तोही तपासून. कसा तपासला होता, तिथेच सगळी चूक होती.

रेंजवरच्या नव्या मुली येऊन विचारतात, "ताई, तुमचा लॉट नंबर काय?" नंबर सांगून त्यांचा काही उपयोग नाही हे मला माहीत आहे, पण दोन रिलेंच्या (नेमबाजांच्या तुकड्यांच्या) मधल्या वेळात सगळं समजावून सांगता येत नाही. म्हणून हे इथे लिहून ठेवते.

आधी मोजमाप. ५० मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिमी व्यासाचं असतं. आपली .२२ इंची गोळी स्वतःच ५.६ मिमी जाड. गोळीची कड वर्तुळाला शिवली की दहा मिळतात, म्हणजे गोळीचं केंद्र टार्गेटच्या केंद्रापासून ८ मिमीच्या आत हवं. दशांश गुणांत बोलायचं तर अगदी मधोमध १०.९, आणि केंद्रापासून प्रत्येक ०.८ मिमीला एक दशांश जातो. १०.९ आणि १०.० यांच्यातलं अंतर पेन्सिलीच्या जाडीएवढं. तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत प्रोनमध्ये (पालथं झोपून मारायच्या प्रकारात) सुवर्णपदक मिळवलं तेव्हा त्यांचे गुण होते ६०० पैकी ५९७. ६० गोळ्यांत ३ गुण गेले. या पातळीवर काडतुसाने दहा गोळ्यांच्या एका सिरीजमध्ये एक गोळी जरी ३-४ मिमी इकडेतिकडे केली, तरी कितीही चांगली पोझिशन ती परत आणून देत नाही.

आमच्याकडे एक दादा आहेत, ३०० मीटर मारतात आणि स्वतःची काडतुसं स्वतः भरतात. वयाने माझ्या वडिलांएवढे, पण रेंजवर सगळे त्यांना दादाच म्हणतात. मी पहिल्यांदा त्यांचं टेबल पाहिलं तेव्हा एखाद्या घड्याळजीकडे आल्यासारखं वाटलं होतं. एकाच लॉटच्या पितळी पुंगळ्या (काडतुसांची रिकामी कवचं), आपल्याच रायफलीत एकदा उडालेल्या, डब्यांत गटागटाने लावलेल्या. पुंगळीची मान ठरावीक वारांनंतर तापवून मऊ करायची, म्हणजे ती प्रत्येक गोळीला सारख्याच ताकदीने पकडते. पुंगळीचा खांदा (मानेखालचा उतार) मागे ढकलायचा तो मिलिमीटरच्या दोन-चार शतांशांपुरता, पुंगळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या काडतूस बसायच्या जागेत, अडकणार नाही एवढाच. बंदुकीची दारू काट्यावर तोलून, आणि तीही छापील तक्त्यातल्या मर्यादेच्या आतच. या बाबतीत दादा कोणाचं ऐकत नाहीत. गोळी किती खोल बसवायची हे टोकापासून मोजत नाहीत, कारण टोकं कमी-जास्त असतात. गोळीचा फुगवटा नळीच्या आतल्या पिळदार आट्यांना जिथे भिडतो तिथपासून मोजतात. शेवटी काडतूस फिरवून डायलवर बघायचं, गोळी सरळ बसली आहे की वाकडी.

त्या दिवशी मी म्हटलं होतं, "दादा, तुमचं बरं आहे. सगळं तुमच्या हातात आहे."

ते म्हणाले, "हातात आहे म्हणूनच चुकायला जागा जास्त. तुझ्याकडे एकच गोष्ट आहे, निवड. ती तरी नीट कर."

खरंच, .२२ मध्ये आपल्याला करण्यासारखं काहीच नसतं. या काडतुसाला मधोमध प्रायमर नसतो. पेट घेणारं मिश्रण पुंगळीच्या तळाच्या कडेत, त्या बारीक वळलेल्या ओठात, आतून फिरवून बसवलेलं असतं. पुंगळी एकदाच वापरायची. दारू बदलता येत नाही, गोळीची खोली बदलता येत नाही. कारखान्यातून आलं ते आलं. पण कारखान्यातही प्रत्येक लॉट वेगळाच उतरतो. शिशाचा घाणा वेगळा, दारूची खेप वेगळी, साचे थोडे झिजलेले, कडेत मिश्रण थोडं कमी-जास्त पसरलेलं. सगळ्यात वरच्या दर्जाची काडतुसंसुद्धा बऱ्याचदा वेगळी 'बनवलेली' नसतात. त्याच पद्धतीने बनवून, उडवून बघून, मग निवडलेली असतात. म्हणजे कारखानाही शेवटी निवडच करतो.

दुसरी अडचण आपल्या नळीची. चेंबर किती घट्ट आहे, गोळी बोल्ट बंद करतानाच आट्यांत किती रुतते, नळीचं तोंड कसं कापलेलं आहे, या सगळ्याची प्रत्येक रायफलीत एक वेगळी बेरीज होते. एकाच कंपनीच्या, एकाच वर्षी बनलेल्या दोन नळ्यांना एकच लॉट आवडेल असं नाही. म्हणून माझा लॉट नंबर तुमच्या कामाचा नाही.

आता मी काय केलं ते सांगते. आठ लॉट समोर होते, प्रत्येकाच्या थोड्याच गोळ्या मिळाल्या होत्या. मी प्रत्येक लॉटच्या ५ गोळ्यांचा एक ग्रुप मारला, म्हणजे पाचही गोळ्या एकाच नेमावर. सातवा लॉट असा बसला की बघतच राहावं. पाचही गोळ्या एका भोकात, भोक कडेने जेमतेम फाटलेलं, सगळ्यात लांबच्या दोन गोळ्या केंद्र ते केंद्र ९ मिमी. बाकीचे १२, १४, एक १७. तो कागद मी घडी न करता पुठ्ठ्याच्या फाइलमध्ये घालून घरी नेला, इतका आनंद झाला होता. दुसऱ्या दिवशी त्याच लॉटच्या ५००० गोळ्या सांगून टाकल्या. १०० खोकी. मोसम त्याच्यावरच काढायचा होता.

आणि मग ते सहा वाजताचे नऊ सुरू झाले.

सरांनी बऱ्याच वेळा मागे बसून बघितलं. त्यांचं म्हणणं एकच, "मला तुझा शॉट वाईट दिसत नाहीये." पण मला ते सांत्वन वाटायचं. नेमबाजाला लहानपणापासून शिकवलेलं असतं की आधी स्वतःकडे बघ, रायफलीला दोष देऊ नकोस. ती शिकवण बरोबरच आहे, आणि म्हणूनच मी चार महिने काडतुसांकडे वळलेसुद्धा नाही. शिवाय माझ्याकडे तो ९ मिमीचा कागद होता ना! काडतूस तर सिद्ध झालेलं होतं.

दादांनी एकदा तो कागद बघायला मागितला. चष्मा वर करून, अगदी जवळ धरून बघितला आणि विचारलं, "बाकीचे कुठे आहेत?"

"बाकीचे म्हणजे?"

"या लॉटचे बाकीचे ग्रुप."

नव्हतेच.

"असं कर," म्हणाले, "रायफल खांद्याला लावू नकोस. लाकडातून काढ, शिकंज्यात धरू. आणि याच लॉटच्या चाळीस गोळ्या मार. सलग. मध्ये एकही वगळायची नाही, 'ही माझी चूक' असं म्हणायचं नाही. तिथे तुझी चूक असणारच नाही."

शिकंज्यात रायफल मारायचा अनुभव विचित्र असतो. नळी आणि ॲक्शन लोखंडी पकडीत, पकड काँक्रीटच्या ओट्याला बोल्ट केलेली. नेम धरायचा नाही, श्वास धरायचा नाही, फक्त काडतूस घालायचं, बोल्ट बंद, ट्रिगर. घड्याळाच्या ठोक्यासारखं. पहिल्या दहा गोळ्या इतक्या सुंदर गेल्या की मी दादांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली नाही. चौदावी गोळी खाली गेली. एकटी, भोकाच्या बाहेर, मध्ये पांढरा कागद दिसेल इतकी. माझ्या पोटात कसंतरी झालं, कारण ती जागा मी ओळखली. वहीतल्या पानावरची तीच जागा होती ती. सहा वाजता.

चाळीस झाल्यावर कागद हातात घेतला. आडवा पसारा १३ मिमी. उभा पसारा २०. चाळीसपैकी चार गोळ्या दहाच्या बाहेर, दोन वर, दोन खाली, आणि रायफलीला कोणी हातही लावलेला नव्हता.

सोबत वेग मोजायचं यंत्र लावलं होतं. सर्वांत मंद गोळी ३१३ मीटर प्रति सेकंद, सर्वांत वेगवान ३३३. हे आकडे नुसते ऐकून काही वाटत नाही, म्हणून हिशेब करून दाखवते. दादांनी मला तो एका खोक्याच्या मागच्या बाजूला करून दाखवला होता. गोळीला ५० मीटर जायला साधारण ०.१६ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणाने ती सुमारे १२ सेंटीमीटर खाली येते. साईट त्या हिशेबानेच लावलेली असते, त्यामुळे ते आपल्याला दिसत नाही. पण गोळी १ टक्क्याने मंद असली तर ती सुमारे अडीच मिलिमीटर जास्त खाली येते. ३१३ आणि ३३३ मध्ये फरक ६ टक्क्यांचा. म्हणजे नुसत्या वेगामुळे उभी १५ मिमीची रेघ. आडव्या पसाऱ्यावर वेगाचा काही परिणाम नाही, म्हणून माझे नऊ नेहमी सहाला नाहीतर बाराला. सगळं तिथे लिहिलेलंच होतं, फक्त वाचायला चाळीस गोळ्या लागत होत्या.

(इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर कोणीतरी विचारेलच. वेगातला फरक प्रत्येक नळीत इतका सरळ कागदावर उतरत नाही. गोळी नळीत अडीच-तीन मिलिसेकंद असते आणि तेवढ्यात नळीचं तोंड सूक्ष्म हेलकावा खातं. तोंड वर जात असताना गोळी सुटत असेल तर मंद गोळी किंचित उशिरा, किंचित वरच्या दिशेने सुटते आणि तिचं खाली येणं काही अंशी भरून निघतं. नळीच्या टोकाला वजन पुढे-मागे सरकवतात ते यासाठीच. त्यामुळे वेगाच्या यंत्रावर वाईट दिसणारा लॉट एखाद्या नळीतून छान मारू शकतो. शेवटचा शब्द कागदाचा. यंत्र फक्त कारण सांगतं.)

मग तो ९ मिमीचा ग्रुप खोटा होता का? अजिबात नाही. तो त्याच लॉटचा, त्याच नळीतला, खरा ग्रुप होता. पण पाच गोळ्यांच्या ग्रुपमध्ये योगायोगाला फार जागा असते. एकाच लॉटचे, एकाच नळीतून, शिकंज्यात ५-५ गोळ्यांचे दहा ग्रुप मारा. सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या ग्रुपमध्ये सहज दुपटीचा फरक निघतो. काहीही बदललेलं नसताना. आणि मी आठ लॉटचा एकेक ग्रुप मारून त्यातला सगळ्यात लहान उचलला. आठ जणांनी एकेकदा फासे टाकले आणि ज्याचे सहा पडले त्याला मी उत्तम खेळाडू ठरवलं.

गोळ्या वाढवल्या की ग्रुप मोठा होतो, ही गोष्ट अनेकांना लॉटचा दोष वाटते. तो दोष नाही, गणित आहे. सगळ्यात लांबच्या दोन भोकांमधलं अंतर मोजत असाल तर जितक्या जास्त गोळ्या तितकी लांबच्या गोळ्या दिसायची शक्यता जास्त. ज्या लॉटचे ३ गोळ्यांचे ग्रुप सरासरी १० मिमी येतात, त्याचे १० गोळ्यांचे ग्रुप सरासरी १६ मिमीच्या आसपास येणार. म्हणून "माझी रायफल दहा मिमी मारते" या वाक्याला, किती गोळ्यांत ते सांगितल्याशिवाय काही अर्थ नाही. वेगाचंही तसंच. पाच गोळ्यांवरून काढलेलं प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती विखुरतात त्याचं माप) इतकं सैल असतं की खरं विचलन त्याच्या जवळजवळ तिप्पटही असू शकतं. यंत्राच्या स्क्रीनवर दशांशात आकडा येतो, त्यामुळे तो नेमका वाटतो एवढंच.

दादांनी मला त्यांच्या जुन्या वह्या काढून दाखवल्या तेव्हा बरं वाटलं, कारण तिथेही हीच कथा होती. दारूचं प्रमाण थोडंथोडं वाढवत प्रत्येक पायरीवर तीन-तीन गोळ्या, आणि आलेखावर मध्येच एक सपाट जागा. तिथे दारू थोडी कमी-जास्त झाली तरी वेग आणि गोळीची जागा बदलत नाही, म्हणजे हाच तो सोन्याचा तुकडा! तीन हिवाळे त्यांनी त्या सपाट जागेवर काम केलं. मग एकदा सगळा प्रयोग जसाच्या तसा पुन्हा केला, तर सपाट जागा दुसरीकडे. तिसऱ्यांदा केला, तर तिसरीकडे. "तेव्हा मी दोन दिवस कोणाशी बोललो नाही," म्हणाले. आता ते आधी गोळी आणि दारू चांगली निवडतात, एका वेळी एकच गोष्ट बदलतात, आणि ती खरंच बदलली का हे वीसेक गोळ्यांनी, दोन वेगवेगळ्या दिवशी बघतात. त्यांच्या ३०० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०० मिमीचं असतं. पण प्रमाणात बघाल तर तिथेही योगायोग तसाच फसवतो.

मी आता लॉट कसे तपासते ते सांगते. यात माझा शोध काही नाही, फक्त धीर आहे.

नळी साफ करून सुरुवात करत नाही. .२२ च्या गोळीला मेणासारखं वंगण लावलेलं असतं आणि त्याचा थर नळीत बसतो. लॉट बदलला, विशेषतः कंपनी बदलली, की नळी नव्या वंगणाला रुळायला वेळ घेते. म्हणून प्रत्येक लॉटच्या आधी त्याच लॉटच्या २० गोळ्या नुसत्या मारते, मोजत नाही. पूर्वी मी लॉटमागून लॉट लगेच मारायचे, म्हणजे दुसऱ्या लॉटची परीक्षा पहिल्याच्या वंगणावर. त्या ८ लॉटच्या तपासणीत हीही चूक होती.

मग १० गोळ्यांचे चार ग्रुप. चारही ट्रेसिंग पेपरवर एकावर एक उतरवते, नेमाचा मध्य जुळवून. चाळीस ठिपके झाले की त्यांचं मधलं ठिकाण काढते आणि प्रत्येक ठिपका तिथून किती लांब आहे ते मोजते. सगळ्यात लांबच्या दोन ठिपक्यांच्या अंतरात चाळीसपैकी अडतीस गोळ्यांची माहिती वाया जाते. सरासरी अंतरात प्रत्येक गोळी बोलते. हाताने चाळीस अंतरं मोजायला पाऊण तास लागतो. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर आकडे आयतेच मिळतात. मला मात्र कागदावर करायला आवडतं, कारण ठिपके बसताना डोळ्याला आकार दिसतो. उभी रेघ दिसते. दोन वेगळे पुंजके दिसतात. ते आकड्यांत हरवतं.

आणि भरकटलेली गोळी वगळायची नाही. हे सगळ्यात अवघड. खांद्यावरून मारताना "ही माझ्याकडून गेली" म्हणून खोडायचा मोह होतो, आणि ज्या लॉटवर आपलं मन बसलेलं असतं त्याच लॉटच्या बाबतीत तो जास्त होतो. शिकंज्याचा खरा फायदा माझ्या मते इथे आहे. शिकंजा मिळत नसेल तर टेकूवरून मारा, पण मग वाऱ्याची काळजी घ्या. २ मीटर प्रति सेकंदाचा आडवा वारा, म्हणजे कानाला जेमतेम जाणवणारा, ५० मीटरवर गोळी सुमारे १४ मिमी सरकवतो. दहाची गोळी नऊमध्ये. अशा वाऱ्यात लॉट तपासत असाल तर तुम्ही हवामान तपासताय.

गेल्या खेपेला अकरा लॉट होते. तळाचे चार पहिल्याच दिवशी बाद झाले, त्यात काही शंकाच नव्हती. मधले पाच एकमेकांसारखेच. वरचे दोन मी दुसऱ्या दिवशी उलट्या क्रमाने पुन्हा मारले, आणि पहिला दुसरा झाला, दुसरा पहिला. पूर्वी मी यावर रात्रभर विचार केला असता. आता माझं स्पष्ट मत झालं आहे की एवढ्या गोळ्यांत त्या दोघांतला फरक कळणारच नाही आणि कळायची गरजही नाही. तपासणीचा उपयोग वाईट लॉट हाती न लागण्यासाठी. सर्वोत्तम एकच लॉट शोधायच्या मागे लागलात तर पुन्हा फाशांचाच खेळ सुरू होतो. ज्याची जास्त खोकी मिळत होती तो घेतला. चाळीस गोळ्या १५ मिमीच्या आत, एकही दहाच्या बाहेर नाही.

मधल्या काळात वजन करून वेगळी करायचा उद्योगही मी केला. ५०० काडतुसं एकेक करून काट्यावर. संपूर्ण काडतुसाचं वजन साधारण ३.३ ग्रॅम, त्यात २.६ ग्रॅम नुसती शिशाची गोळी, उरलेल्यात मुख्यतः पितळ. काट्यावर फरक दिसतो तो शिशाचा की पितळेचा हे सांगता येत नाही, आणि ज्या दारूमुळे वेग बदलतो ती इतकी थोडी असते की तिच्यातला फरक पितळेच्या फरकात बुडून जातो. कडेची जाडी मोजायचं साधन घेऊनही गट पाडले. प्रत्येक गटाच्या चाळीस-चाळीस गोळ्या मारल्या. चांगल्या लॉटमध्ये मला काहीही फरक दिसला नाही. वाईट लॉट वजन करून चांगला होत नाही, हेही बघितलं. ज्यांना त्याने मनाला शांती मिळते त्यांनी जरूर करावं. माझे तेवढे तास आता ड्राय फायरिंगला, म्हणजे काडतूस न घालता करायच्या सरावाला, जातात.

एक मात्र मी सोडत नाही. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी ६० अधिक सरावाच्या गोळ्या ठोकळ्यात लावताना प्रत्येक काडतूस दिव्याखाली एकदा फिरवून बघते. गोळीला हात लावत नाही, पुंगळीला धरून. वंगण एकसारखं आहे का, शिशाला टोचा पडला आहे का. गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ८०० फेऱ्या घेत बाहेर पडते. इतक्या वेगाने फिरणाऱ्या वस्तूला एका बाजूला पडलेला खड्डा परवडत नाही. शंभरात एखादंच निघतं. ते बाजूला सरावाच्या डब्यात.

जुन्या लॉटची सत्तरेक खोकी उरली होती. ती उभ्याच्या आणि गुडघ्यावरच्या सरावाला वापरून संपवली. उभं मारताना माझाच पसारा इतका मोठा असतो की काडतुसाचे ते चार मिलिमीटर त्यात विरघळून जातात. ९ मिमीचा कागद अजून फाइलमध्ये आहे. त्याच्यामागे आता दुसरा कागद लावला आहे, चाळीस ठिपक्यांचा, चौदाव्या ठिपक्याभोवती पेन्सिलीने गोल केलेला. नवीन मुलगी विचारायला आली की दोन्ही एकदम काढून देते आणि विचारते, यातला चांगला लॉट कोणता. सगळ्या पहिल्यावर बोट ठेवतात.

परवाच्या स्पर्धेत चौथ्या सिरीजला एक ९.६ गेला. सात वाजता. खुर्चीवर बसून वही उघडली आणि लगेच लिहिलं, "ट्रिगर घाईने. वाऱ्याची वाट बघायला हवी होती." पुढच्या सिरीजला वाट बघितली, १०५.१ झाले.